जुन्या गाडीचं व्हील बेअरिंग: बदलायचं की अजून थांबायचं?

जुन्या गाडीतून घूं घूं आवाज यायला लागला की संशय व्हील बेअरिंगवर, म्हणजे चाक ज्यावर मोकळं फिरतं त्या बॉलच्या कड्यावर जातो, आणि गॅरेजमध्ये दोनच सल्ले मिळतात. एक, 'चालू द्या साहेब, काही होत नाही.' दुसरा, 'चारही बेअरिंग टाकून घ्या, टेन्शन नको.' पहिल्यात धोका आहे, दुसऱ्यात पैसे वाया जातात. बरेचदा दोन्ही सल्ले गाडी जॅकवर न घेताच दिलेले असतात. खरा क्रम असा: आवाज बेअरिंगचाच आहे का हे आधी पक्कं करायचं, मग कोणत्या चाकाचा ते शोधायचं, मग ते किती खराब झालंय ते बघायचं. एवढं झालं की बदलायचं का आणि कधी, हा प्रश्न फारसा उरत नाही. कारण गेलेलं बेअरिंग परत सुधारत नाही.

इथे मुख्यतः पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा विचार केला आहे: ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो, आय-टेन, इंडिका, दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या. यांतल्या बहुतेकांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाक धरून ठेवणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा धातूचा भाग) प्रेसने, म्हणजे यंत्राने दाबून बसवलेलं असतं आणि त्याच्या आत हब, ज्यावर चाक बोल्टांनी बसतं. मागे ड्रम असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये बेअरिंग ड्रममध्येच बसतं. नव्या धाटणीच्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र, चार बोल्टांवर बसणारं युनिट येतं. जीप, सुमो आणि पिकअपच्या कप-कोनवाल्या (बाहेरची रिंग सुटी, आतली रिंग रोलरसकट) बेअरिंगचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे येईल.

आवाज कुणाचा?

बेअरिंगचा आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो, इंजिनाच्या वेगाशी नाही. मोकळ्या, सरळ, गुळगुळीत डांबरी रस्त्यावर गाडी ५०-६० पर्यंत न्या. काचा बंद, एसी आणि पंखा बंद, रेडिओ बंद. आवाज ऐकू आला की ॲक्सिलरेटर सोडा आणि गिअर न्यूट्रलला घ्या. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. इंजिन आयडलवर आलं तरी घूं घूं तशीच राहिली आणि गाडी मंदावत जाईल तशी हळूहळू उतरत गेली, तर आवाज चाकाकडचा आहे. न्यूट्रल करताच नाहीसा झाला तर गिअरबॉक्स किंवा इंजिनाकडे बघा, चाकं उघडू नका.

चाकाकडचा आवाज म्हणजे लगेच बेअरिंग नव्हे. सगळ्यात जास्त फसवतात ते टायर. टायर एकसारखा न झिजता करवतीसारखा दातेरी झिजला की हुबेहूब बेअरिंगसारखा गुरगुरतो. गाडी उभी करून ट्रेडवरून तळहात आधी पुढे आणि मग उलट मागे फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि दुसऱ्या दिशेने कडा बोचतात, असं असेल तर टायरवर संशय घ्या. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीला कमी चाललेले पण सात-आठ वर्षांचे टायर असणं नेहमीचंच, आणि टणक झालेलं रबर आवाज करतंच.

रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर प्रत्येक गाडी थोडी गर्जतेच, त्यामुळे तिथे ऐकलेल्या आवाजावरून निकाल लावू नका. काँक्रीटवर मोठा आणि नव्या डांबरावर जवळजवळ गायब, असा आवाज टायरचा. दोन्हीकडे सारखाच येत राहिला तर बेअरिंगचा. तरी शंका राहिली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घ्या. टायरवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे. आवाज मागे सरकला तर टायरच दोषी. बेअरिंग बदलूनही आवाज तसाच राहिलेल्या गाड्यांमध्ये ही एवढी अदलाबदल आधी केलेली नसते.

बाकीचे आवाज ओळखायला सोपे आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना कट कट कट वाजलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाकडचा वळणारा सांधा. ब्रेक हलका दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला तर पॅड-डिस्क किंवा ड्रम. आणि खड्ड्यातून गेल्यानंतर अचानक धातू घासल्यासारखी किर्र सुरू झाली तर आधी डिस्कमागचा पातळ पत्रा बघा. तो वाकून डिस्कला टेकतो किंवा त्यात बारीक खडी अडकते. हाताने पत्रा मागे ओढला की आवाज बंद. यासाठी बेअरिंगचं बिल भरलेले लोक कमी नाहीत.

डावं की उजवं?

त्याच रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, ५० च्या आसपास गाडी हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे नागमोडी घ्या. स्टिअरिंग उजवीकडे वळलं की गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. त्यामुळे उजवीकडे घेताना आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर, आणि डावीकडे घेताना वाढला तर उजव्या बाजूवर. ही चाचणी बहुतेक वेळा बरोबर सांगते, पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. दोन ओळींच्या बॉल बेअरिंगमध्ये आतली ओळ खराब की बाहेरची, यावर उलटं उत्तरही येऊ शकतं. पुढचं की मागचं हे तर केबिनमधून ऐकून सांगणं आणखी अवघड. मागच्या सीटवर दुसऱ्या माणसाला बसवून त्याला ऐकायला लावा. गाडीच्या पत्र्यातून आवाज प्रवास करतो आणि मागचं बेअरिंग पुढे वाजल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालते. साइडपट्टीची खडी, रस्त्याकडेचं साचलेलं पाणी आणि डांबराची तुटलेली कड डाव्या चाकांच्याच वाट्याला येते. त्यामुळे निर्णय लागत नसेल तर तपासणी डाव्या बाजूपासून सुरू करायला हरकत नाही. मात्र बदलायचं ते तपासणीत सापडलेलंच.

जॅकवर काय बघायचं

सपाट जमीन हवी. पुढचं चाक उचलायचं असेल तर मागच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. मागचं उचलायचं असेल तर पुढच्यांना अडण लावा, गिअर टाकून ठेवा आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर चाक फिरणारच नाही. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा.

१. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आतबाहेर हलवा. निरोगी, सीलबंद बेअरिंगमध्ये हाताला जाणवेल असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नसतो.

२. प्ले जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला तर खालच्या आर्मचा बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन बघा.

३. आता ९ आणि ३ वर धरून हलवा. इथेच प्ले आहे आणि १२-६ ला नाही, तर टाय रॉड एंडकडे, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या चाकाकडच्या सांध्याकडे जा.

४. एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर टेकवा. खराब बेअरिंगची बारीक खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते, कानाला ऐकू येत नसली तरी. दुसऱ्या बाजूचं चाक उचलून तसंच करून बघा. फरक लगेच समजतो.

यात दोन सापळे आहेत. चाक हवेत असताना त्यावर भार नसतो, त्यामुळे रस्त्यावर गुरगुरणारं बेअरिंग जॅकवर अगदी मुकाट फिरू शकतं. जॅकवर शांत आहे म्हणून ते चांगलं ठरत नाही, रस्त्यावरची चाचणी वरचढ. उलट बाजूने, ड्रमच्या चाकात प्रत्येक फेरीत एकदा येणारी खर्र बहुधा ब्रेक शू घासल्याची असते. बेअरिंगची खरखर सलग असते.

डायल गेज (अगदी बारीक हालचाल मोजणारं उपकरण) असलेलं गॅरेज मिळालं तर हबचा आतबाहेरचा प्ले मोजून घ्या. अनेक जपानी गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ०.०५ मिमी असते. हाताला स्पष्ट जाणवणारा प्ले त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो, म्हणून 'थोडासाच हलतोय' हे वाक्य व्हील बेअरिंगच्या बाबतीत निरर्थक आहे.

उष्णतेची चाचणी सोपी आहे आणि बरंच काही सांगते. २०-२५ किमी चालवा, शेवटचे एक-दोन किमी ब्रेक जवळजवळ न वापरता, आणि गाडी आपोआप मंदावू देऊन थांबवा. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुढच्या हबच्या मध्यावरचं तापमान घ्या, मग दोन्ही मागच्या. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं, कमी तापमान दाखवतं. तिथे आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. दोन बाजूंत १५-२० अंशांचा फरक आला तर गरम बाजू संशयित. पण अडकलेला कॅलिपरही (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) चाक तापवतो. डिस्क हबपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक सोडत नाहीये, बेअरिंगचा दोष नाही. थर्मामीटर नसेल तर हात लावून बघण्याची हौस करू नका, चटका बसेल इतकं तापतं.

किती दिवस चालेल?

नुसता आवाज, प्ले अजिबात नाही, हब तापत नाही, चाक मोकळं फिरतंय: आठ-पंधरा दिवसांत काम करून घ्या. तोवर गावातल्या गावात गाडी चालवायला हरकत नाही. लांबचा प्रवास मात्र आधी बेअरिंग, मग. खंडाळा, आंबा किंवा आंबोलीसारख्या घाटात भरलेली गाडी सतत एका बाजूला कलते, आणि अर्धवट गेलेल्या बेअरिंगचा शेवट अशाच ठिकाणी होतो.

आवाजासोबत प्ले आहे, किंवा एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापतो: गाडी इथून गॅरेजपर्यंतच, तीही हळू आणि जवळ असेल तर. प्ले असलेलं बेअरिंग दर किलोमीटरला वेगाने ढासळतं. बॉल धरून ठेवणारा पिंजरा तुटला की बॉल एका बाजूला गोळा होतात आणि चाक तिरकं होतं.

एक लक्षण लोक बेअरिंगशी जोडतच नाहीत. वळण घेतल्यानंतर ब्रेकचं पहिलं पेडल खोल जातं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर नेहमीच्या जागी लागतं. ऑइल पुरेसं, गळती नाही, मास्टर सिलिंडर बदलूनही तेच. कारण असं: हब हलतो, त्याच्यासोबत डिस्क हलते, आणि डिस्क पॅडना मागे ढकलून देते. पुढच्या ब्रेकला पॅड पुन्हा डिस्कपर्यंत आणण्यातच पेडलचा अर्धा प्रवास संपतो. हे दिसलं तर गाडी उभी करा. एबीएसचा दिवा अधूनमधून लागणं हीसुद्धा हबच्या प्लेची खूण असू शकते. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आणि त्याच्यासमोर फिरणारी रिंग यांतलं अंतर बदलत राहतं.

धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज, स्टिअरिंगमध्ये कंप आणि चाक डोळ्याला तिरकं: टो करून न्या. हबच निसटला तर चाक, ब्रेक आणि स्टिअरिंग एकदम जातात.

एकच, की जोडीने?

ब्रेक पॅड जोडीने बदलतात, कारण दोन बाजूंचा ब्रेक सारखा लागला पाहिजे. बेअरिंगला तशी गरज नाही. डावं गेलं तर डावंच बदला. उजवं शांत, घट्ट आणि थंड असेल तर त्याला हात लावू नका. प्रेसने बसवलेलं चांगलं बेअरिंग एकदा काढलं की ते परत वापरता येत नाही. काढताना जोर बॉलमधूनच जातो आणि रेसवर, म्हणजे बॉल ज्यावर फिरतात त्या रिंगांवर खळगे पडतात. 'उघडलंय तर बघून घेऊ' असं इथे होत नाही.

अपवाद पाण्याचा. जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चं कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ चं चिपळूण, अशा पुरांत हबच्या वरपर्यंत बुडालेल्या गाड्यांत चारही बेअरिंग संशयित धरावीत. चालून गरम झालेलं बेअरिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. आवाज त्याच दिवशी येत नाही. गंज रेसवर चढायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि तेव्हा पुराची आठवण कुणालाच राहिलेली नसते. प्रेशर वॉशचा फवारा जवळून थेट हबवर मारला तरी छोट्या प्रमाणात हेच घडतं.

लवकर बेअरिंग जाण्याची बाकीची कारणं माहीत असतील तर निर्णय सोपा होतो. खड्ड्याचा किंवा फुटपाथच्या कडेचा जोरदार धक्का रेसमध्ये बारीक खळगा पाडतो, आणि मग प्रत्येक बॉल त्यावरून उडी मारत जातो. बाहेर येणारी रुंद अलॉय चाकं किंवा स्पेसर लावले असतील तर भार बेअरिंगच्या मध्यापासून बाहेर सरकतो. अशा गाडीत नवं बेअरिंगही लवकर जाणार, आधी चाकं मूळ मापाची करा.

खर्चाचा हिशेब

छोट्या गाडीच्या पुढच्या प्रेस-फिट बेअरिंगची किंमत साधारण हजाराच्या आगेमागे असते. मजुरी आणि प्रेस धरून एका चाकाचं काम बहुतेक ठिकाणी दोन-तीन हजारांत होतं. हबसकट युनिट असेल तर सुटा भाग महाग, पण प्रेस लागत नाही आणि मजुरी कमी. गाडी जुनी आहे म्हणून हा खर्च टाळावा असा तो नाही. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं, त्याआधी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. तिथे हलणारं चाक घेऊन जाण्यात अर्थ नाही. विकायची असली तरी करून घ्या. गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्हला आवाज ऐकून बेअरिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम कापतं.

खर्च फुगतो तो दुसरीकडे. जुन्या गाडीत बरेच दिवस आवाजाकडे दुर्लक्ष झालेलं असेल तर बेअरिंगची आतली रेस हबवर फिरून हब झिजवते. हबच्या दांड्यावर चकचकीत पट्टे किंवा जळाल्याचा निळसर रंग दिसला तर हबही बदला. झिजक्या हबवर नवं बेअरिंग काही महिन्यांत पुन्हा बोलायला लागतं. तसंच नकलच्या भोकाचं. बेअरिंग हातानेच आत सरकत असेल तर ते नकल संपलं. भोकाला सेंटर पंचने टिचके मारून बेअरिंग 'टाइट' करण्याचा जुगाड बऱ्याच ठिकाणी चालतो. त्याने बेअरिंग टिचक्यांच्या टोकांवर टेकतं, गोलाई बिघडते आणि ते लवकरच पुन्हा ढिलं होतं. नवं नकल परवडत नसेल तर मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात किंवा तुमच्या गावच्या भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचं जुनं नकल मिळतं. वाकलेलं नाही आणि भोक शाबूत आहे ना, बघून घ्या. जुनं नकल चालेल, जुनं बेअरिंग कधीच नाही.

हेच काम चालू असताना खालचा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि सीव्ही जॉइंटचं रबर बूट उघडेच असतात. त्यांत काही फाटलेलं, ढिलं असेल तर आत्ताच करा. सुट्या भागाचे पैसे लागतील, वेगळी मजुरी फारशी नाही.

बेअरिंग घेताना नंबर जुन्या बेअरिंगवरूनच जुळवा. मॉडेलचं नाव एकच असलं तरी एबीएस असलेली आणि नसलेली गाडी, किंवा दोन वेगवेगळ्या सालांची गाडी, यांत बेअरिंग वेगळं असू शकतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात नाना पेठ इथे सगळं मिळतं, नकलीसुद्धा. एसकेएफ, एनबीसी, एफएजी, टिमकेन, एनटीएन, कोयो, एनएसके यांतलं काहीही चालेल, पण पक्क्या बिलावर आणि अधिकृत विक्रेत्याकडून. खोक्यावरची छपाई फिकट, बेअरिंगवरचा नंबर नखाने खरवडून निघणारा, भाव बाजारापेक्षा निम्मा: सोडून द्या. एसकेएफचं अस्सलपणा तपासायचं मोबाइल ॲप आहे, त्यात फोटो पाठवता येतात.

बसवताना कुठे बिघडतं

हे काम घरी करण्याजोगं नाही, किमान १०-१२ टनांची प्रेस लागते. पण गॅरेजमध्ये उभं राहून बघायला तुम्हाला कुणी अडवत नाही, आणि काय बघायचं हे माहीत असलं पाहिजे.

एक्सल नटची, म्हणजे हबच्या मध्यावरच्या मोठ्या नटची वाकवलेली कड आधी उचलली पाहिजे. तशीच फिरवली तर एक्सलचे आटे खरवडतात. कॅलिपर तारेने बांधून ठेवायचा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही. एबीएस सेन्सर नकलमध्ये गंजून बसलेला असतो, पक्कडीने ओढला की तुटतो. त्याभोवती गंज सोडवणारं तेल मारून वेळ द्यावा. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) आणि नकलचे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खुणा करायच्या, आणि एक्सल बाहेर खेचायचा नाही, नाहीतर आतला जॉइंट निसटतो.

हब बाहेर काढताना बेअरिंगच्या आतल्या दोन रेसपैकी एक हबवरच अडकून येते. ती पुलरने निघाली तर उत्तम. ग्राइंडरने काप देऊन छिन्नीने तोडतात तेव्हा काप रेसमध्येच थांबला पाहिजे, हबला ओरखडा पडता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवं बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. त्यानंतर हब बेअरिंगमध्ये दाबताना खालून आधार आतल्या रिंगला द्यायचा. उलटं केलं की सगळा जोर बॉलमधून जातो, रेसवर खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग आठ दिवसांत जुन्यासारखं गुरगुरतं. हातोडी आणि पाइपाचा तुकडा घेऊन बसवणारा मिस्त्री दिसला तर नकल उचलून लेथवाल्याकडे प्रेसवर न्या. गॅसने नकल तापवणंही नको, जवळच बॉल जॉइंटचं रबर असतं. भोक साफ करून पातळ तेलाचा हात फिरवला की पुरे. बेअरिंग पूर्ण बसलं की सर्कलिप, म्हणजे बेअरिंग जागेवर अडवणारी कडी, खाचेत सहज टिकली पाहिजे. ठोकून बसवावी लागत असेल तर बेअरिंग अजून आत गेलेलं नाही.

एबीएसवाल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय रिंग असते. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे गाडीच्या आतल्या अंगाला यायला हवी. उलटं बसलं तर बेअरिंग छान फिरेल, एबीएसचा दिवा मात्र जाणार नाही, आणि दुरुस्तीला पुन्हा नवं बेअरिंग. दाबण्याआधी दोन्ही बाजूंना हलकी टाचणी लावून बघायला सांगा, चुंबकीय बाजूला ती चिकटते. बेअरिंग चुंबकाच्या टूल ट्रेमध्ये ठेवू नये.

शेवटी एक्सल नट. दोन ओळींच्या बेअरिंगच्या आतल्या दोन रिंग एकमेकींना दाबून धरण्याचं काम हा नट करतो, बेअरिंगचा नेमका ताण त्यावर ठरतो. कमी घट्ट असेल तर रिंग सुट्या होतात आणि बेअरिंग लवकर जातं. छोट्या गाड्यांत हा टॉर्क साधारण १५० ते २५० न्यूटन-मीटरच्या टप्प्यात असतो, पण नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एअर गनने 'कडक केलाय' हा आकडा नव्हे. टॉर्क पाना लावलाच पाहिजे. चाक हवेत, दुसऱ्याने ब्रेक दाबलेला, नट पूर्ण टॉर्कला, आणि मगच गाडी जमिनीवर. ढिल्या नटावर गाडीचा भार टाकून ती दोन फूट ढकलली तरी नवं बेअरिंग दुखावतं. नट नवाच घ्यायचा आणि कड पंचने खाचेत वाकवायची. नकल उतरवलं होतं म्हणून व्हील अलाइनमेंटही करून घ्या.

कप-कोनवाली बेअरिंग

जीप, जुनी सुमो आणि तशा गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये बॉलऐवजी टेपर, म्हणजे निमुळते रोलर असतात. इथे प्ले आला म्हणजे बेअरिंग गेलंच असं नाही. बरेचदा नट ढिला झालेला किंवा ग्रीस संपलेलं असतं. हब उतरवा, बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन कोरडं करा, पण हवेच्या फवाऱ्याने गरागरा फिरवू नका. कप आणि रोलर उजेडात धरून बघा. खड्डे, पापुद्रे, निळसर डाग किंवा नखाला लागणारी रेघ दिसली तर कप आणि कोन दोन्ही बदला, एकट्या कोनने भागत नाही. स्वच्छ असेल तर उच्च तापमानाचं लिथियम ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद बाजूने दाबत, दुसरीकडून बाहेर येईपर्यंत भरा. हबची पोकळी तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की बास, ठासून भरलेलं ग्रीस तापून सीलमधून ब्रेकवर येतं. जुन्या ग्रीसमध्ये वेगळ्या जातीचं ग्रीस मिसळू नका. ऑइल सील आणि स्प्लिट पिन नवीन.

नट लावताना हब हाताने फिरवत राहा आणि नट घट्ट करा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सोडून पुन्हा हलकाच टेकवा. हब मोकळा फिरला पाहिजे आणि जेमतेम जाणवेल इतका प्ले राहिला पाहिजे, साधारण ०.०३ ते ०.१२ मिमी. इथे जास्त घट्ट करणं हे ढिलं ठेवण्यापेक्षा वाईट. घट्ट बेअरिंग काही किलोमीटरांत तापून निळं पडतं. १५-२० किमीनंतर थांबून हब किती तापलाय ते बघा.

जुना तुकडा मागून घ्या

काम झाल्यावर जुनं बेअरिंग गॅरेजवाल्याकडून मागून घ्या. ग्रीस दुधाळ किंवा तपकिरी आणि रेसवर गंज असेल तर पाणी शिरलंय, आणि बाकीची तीन चाकं पुढच्या पावसाळ्याआधी तपासा. रेसवर ठरावीक अंतरावर खळगे असतील तर धक्का बसलाय किंवा मागच्या वेळी चुकीचं दाबलंय. रिंग निळी, ग्रीस जळून काळं: ताण चुकला किंवा ग्रीस संपलं. पृष्ठभागाचे पापुद्रे निघालेत पण बाकी स्वच्छ आहे, तर बेअरिंगने आपलं आयुष्य पूर्ण केलंय, दुसऱ्या बाजूचंही त्याच वयाचं आहे एवढं लक्षात ठेवा. आणि रेस आरशासारखी गुळगुळीत, ग्रीस जसंच्या तसं, बॉल सफाईने फिरताहेत, तर चुकीचं चाक उघडलं गेलं. नव्या बेअरिंगसह त्याच डांबरी रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा ऐका. घूं घूं कायम असेल तर टायरची अदलाबदल अजून राहिली आहे.